भोक बिघडतं ते मागच्या बाजूने

या महिन्यात जी पत्रं आली त्यातली बरीचशी गोल भोकाचीच होती. कुणाला कपाटाला बिजागरी लावायचीय, कुणाला स्पीकरचा डबा करायचाय, कुणाला बाथरूमच्या टाइलमधून पाइप काढायचाय, आणि सगळ्यांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच, की ताई पुढून मस्त दिसतं हो पण पलीकडे बघितलं तर टवकेच टवके. म्हणून म्हटलं यावेळी सगळी पत्रं एकत्रच घेऊ. उत्तरं वेगवेगळी आहेत कारण लाकूड वेगळं, स्टील वेगळं, टाइल वेगळी, पण एक गोष्ट सगळीकडे लागू पडते ती आधीच सांगून ठेवते. आपण सगळं लक्ष देतो ते जिथून ड्रिल आत शिरतं तिथे, आणि भोक बिघडतं ते जिथून बाहेर पडतं तिथे. शिरताना खाली पूर्ण जाडीचा माल असतो आधार द्यायला. बाहेर पडताना शेवटचा एक-दोन मिलिमीटर उरतो, त्याच्यामागे काहीच नसतं, मग तो कापला जायच्या ऐवजी ढकलला जातो आणि फुटतो.

मुलुंडहून एका ताईंचं पत्र: ताई नमस्कार, मुलीच्या खोलीतल्या कपाटाचं दार लोंबकळायला लागलंय. ती आतून बसणारी वाटीची बिजागरी आहे ना ती गंजून तुटली आणि जुन्या भोकातले स्क्रू पण धरत नाहीयेत. मिस्टरांनी शेजाऱ्यांकडून होल सॉ आणून दुसऱ्या एका दारावर प्रयत्न केला तर सनमायका अर्धा इंच उडाला आणि भोक आरपारच गेलं. मिस्त्री दोन बिजागऱ्यांसाठी यायला तयार नाही. आता मीच करणार आहे, ३५ एमएमचं भोक नीट कसं पाडायचं ते सांगा.

ताई, आधी मिस्टरांची बाजू घेते. होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची कडेला दात असलेली वाटी, हे हत्यारच आरपार भोकाचं आहे. त्याच्या मधला ड्रिल कडेच्या दातांच्या बराच पुढे असतो, त्यामुळे दार अर्ध्यापर्यंतच कोरायचं म्हटलं तरी मधला ड्रिल पलीकडून निघणारच. बिजागरीच्या वाटीला आंधळं भोक लागतं, म्हणजे तळ असलेलं, आणि त्याला फोर्स्टनर बिट घ्यायचा, म्हणजे सपाट तळाचं गोल भोक कोरणारा. दुकानात नुसतं "बिजागरीचा ३५ चा बिट" म्हटलं तरी देतात. कार्बाइडची धार असलेला घ्या, साधा स्टीलचा सनमायकावर दोन भोकांत बोथट होतो. मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलात तर एका गल्लीत दहा दुकानं दिसतील, बिट हातात घेऊन त्याच्या कडेची धार बघा, नखावर अलगद टेकवली की अडकली पाहिजे.

आता माप. दाराच्या कडेपासून भोकाची कड ३ ते ६ मिमी आत असते, बहुतेक बिजागऱ्यांना ५ चालतं. भोकाची त्रिज्या साडेसतरा, म्हणजे केंद्र दाराच्या कडेपासून साडेबावीस मिमीवर. बिजागरीच्या पाकिटावर छापलेलं असतं तेच खरं धरा आणि गुण्या लावून खूण करा, अंदाजाने नको, कारण दोन बिजागऱ्यांची केंद्रं एका रेषेत नसली की दार कधीच सरळ बसत नाही, कितीही स्क्रू फिरवा.

खोली साधारण १२ मिमी लागते आणि इथे एक गोष्ट मी अगदी जवळून बघितलीय म्हणून सांगते. दादरला माझ्या मावशीच्या कपाटाचं दार होतं १६ मिमीचं. मी बिटावर १२ मिमीला टेप गुंडाळली, टेपपर्यंत गेले, थांबले, भोक इतकं सुंदर आलं की मावशीला हाक मारून दाखवलं. संध्याकाळी दार उभं केलं तर बाहेरच्या पांढऱ्या सनमायकावर बरोब्बर मधोमध मोहरीएवढा फुगवटा. झालं काय तर फोर्स्टनरला मध्ये एक टोक असतं, ते कडेच्या पुढे दोन-तीन मिमी जातं. बारा अधिक तीन पंधरा, राहिला एक मिमी, आणि मी जोर देत होते त्यामुळे टोकाने तो आतून बाहेर ढकलला. आज पंधरा वर्षं झाली, ते दार अजून तिथेच आहे, तो फुगवटा पण, आणि गेले की माझा हात आधी त्याच्यावर जातो. तेव्हापासून मी टेप लावताना टोक धरूनच मोजते, आणि १६ चं दार असेल तर वाटीची खोली आधी बिजागरीवरच मोजते, बऱ्याच वाट्या साडेअकरात बसतात, मग उगाच बारा-तेरा कशाला जायचं.

सनमायका उडू नये म्हणून कंपासपेटीतलं कर्कटक घ्या, साडेसतरा मिमीला उघडा, एक टोक केंद्रात रोवून दुसऱ्याने चार-पाच वेळा गोल ओरखडा काढा, नुसती पेन्सिलची रेघ नाही, चांगला चर पडला पाहिजे. मग ड्रिल सुरू करून हळूहळू खाली आणा, फिरायला लागल्यावरच टेकवा, टेकवून सुरू करू नका. मशीन अगदी काटकोनात हवं, एका बाजूला कललं की बिटाची एक कड आधी लागते आणि तिथूनच टवका जातो. शेजारी गुण्या उभा करून ठेवा, नजर जाते तिकडे.

जुन्या भोकाचं म्हणाल तर नवी जागा तीन-चार बोटं वर किंवा खाली घ्या. जुन्या भोकात लाकडाची चकती फेविकॉल लावून बसवा. ३८ च्या होल सॉमधून निघणारी चकती साधारण ३५ च्या आसपास येते, पॉलिश पेपरने घासत घासत बसवायची, म्हणजे तो शेजाऱ्यांचा होल सॉ पण कामी आला.

घाटकोपरहून एक कॉलेजातला मुलगा लिहितो: ताई मी घरी स्पीकर बॉक्स बनवतोय १८ एमएम एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी), साडेसहा इंची वूफर आहे. एवढ्या मोठ्या साइजचा होल सॉ महाग पडतो म्हणून जिगसॉने कापलं. वरून रेषेवर गेलो होतो पण खाली बघितलं तर भोक अंड्यासारखं आणि कड तिरकी. ब्लेड खराब होतं का?

ब्लेड खराब नव्हतं रे, ब्लेड वाकलं. जिगसॉ म्हणजे वर-खाली चालणारी हातातली करवत, तिचं ब्लेड वरून धरलेलं असतं, खालचं टोक मोकळं. वळणावर ढकललं की वरचा भाग रेषेवर राहतो आणि खालचा भाग त्याला वाटेल तिकडे जातो. जितकी जाडी जास्त आणि जितकी घाई जास्त तितकं जास्त. म्हणजे इथे पण मागची बाजूच.

सगळ्यात आधी एक विचारते, भोकाचं माप कुठून घेतलंस? साडेसहा इंची हे स्पीकरचं नाव झालं, कटआउट त्याच्यापेक्षा लहान असतो आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा. लॅमिंग्टन रोडवरून आणला असशील तर सोबतचा कागद बघ, नाहीतर स्पीकर उलटा करून फ्रेमच्या आतला गोल स्वतः मोज आणि त्यात दोन-तीन मिमी वाढव. स्पीकर हातात आल्याशिवाय भोक पाडायचंच नाही, हा नियम करून टाक.

चांगला मार्ग म्हणजे ट्रिमर, तो लहान राउटर जो सुतार सनमायकाच्या कडा मारायला वापरतात, भाड्यानेही मिळतो. सहा मिमी प्लायची एक लांब पट्टी घे, एका टोकाला ट्रिमरचा प्लास्टिकचा तळ काढून त्याच्याच स्क्रूंनी पट्टी बसव, बिट बाहेर यायला भोक पाड, आणि दुसरीकडे एक खिळा, तो खिळा म्हणजे केंद्र. आता नीट वाच कारण इथे सगळे चुकतात. तुला भोक हवंय, म्हणून खिळ्यापासून बिटाच्या बाहेरच्या धारेपर्यंतचं अंतर म्हणजे त्रिज्या. चकती हवी असती तर आतल्या धारेपर्यंत मोजलं असतं. सहा मिमीचा बिट असेल आणि उलटं मोजलंस तर व्यासात बारा मिमीचा फरक पडतो, स्पीकर सरळ डब्यात पडेल.

एका फेरीत तीन-चार मिमीच खाली जा, अठरा मिमीला पाच-सहा फेऱ्या लागतील, लागू देत. आणि शेवटच्या फेरीचा विचार पहिल्या फेरीच्या आधी कर. शेवटची फेरी पूर्ण होताना मधली चकती सुटते, खिळा त्या चकतीतच आहे, म्हणजे तुझं केंद्रच हललं, आणि त्या क्षणी बिट कडेत घुसून एक खाच पाडून जातो. म्हणून एमडीएफच्या खाली टाकाऊ प्लायचा तुकडा घाल आणि चकतीचा भाग त्या प्लायला दुहेरी टेपने किंवा दोन स्क्रूंनी पक्का कर, बाहेरचा भाग सी-क्लॅम्पने आवळ. मग चकती सुटली तरी हलत नाही आणि खालच्या कडेला आधारही मिळतो.

स्पीकरची फ्रेम लाकडात बुडवून बसवायची असेल, म्हणजे वरून सपाट, तर आधी मोठ्या मापाची उथळ खाच मार आणि नंतर आरपार भोक पाड. हा क्रम उलटा केलास तर खिळा ठोकायला मधे काही उरतच नाही. मला हे सांगणारं कुणी नव्हतं, एक अख्खा डबा मी पुन्हा पहिल्यापासून केलाय.

ट्रिमर नसेलच मिळत तर जिगसॉ पण चालेल, रेषेच्या दोन-तीन मिमी आत काप, वळणाचं बारीक ब्लेड लाव, मशीनला स्वतःच्या गतीने जाऊ दे, आणि मग अर्धगोल कानस घेऊन रेषेपर्यंत घास. एखाद्या गोल डब्याला ८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळला की आतली कड छान होते. आणि मास्क लाव रे बाबा, एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि त्यात रेझिन असतं, बंद खोलीत तर अजिबात करू नकोस, गॅलरीत बस.

गिरगावातून एक काका: नमस्कार. वय ६८, हौसेने घरातली कामं करतो. बाथरूमच्या नवीन टाइलमध्ये अर्ध्या इंची पाइपसाठी भोक पाडायचं आहे. साध्या भिंतीच्या ड्रिल बिटने प्रयत्न केला, दहा मिनिटांत बिट लाल झाला आणि टाइलवर फक्त एक पांढरा ठिपका पडला. काय चुकलं?

काका, तुमच्या टाइल्स व्हिट्रिफाइड असणार. जुन्या सिरॅमिक टाइल्स आतून मऊ असतात, लाल-पांढऱ्या मातीच्या, त्यात साधा बिट जातो. व्हिट्रिफाइड म्हणजे भाजून जवळजवळ काचेसारखी घट्ट केलेली, पाणी अर्धा टक्कासुद्धा शोषत नाही. तिथे डायमंड कोअर बिटच लागतो, नळीसारखा, तोंडाला हिऱ्याची पूड चिकटवलेला. तो कापत नाही, घासतो, म्हणून त्याला वेळ द्यायचा आणि पाणी द्यायचं.

पाइपचं माप पण एकदा पक्कं करा, कारण "अर्धा इंची" सगळे सारखे नसतात. जीआयचा, म्हणजे लोखंडी असेल तर बाहेरून २१ मिमीच्या थोडा वर भरतो, सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा साधारण १६. पाइपपेक्षा तीन-चार मिमी मोठं भोक घ्या, वर नळाची वाटी येते ती झाकते.

ड्रिलचं हॅमर, म्हणजे ठोके मारायची सोय, बंद. हे सगळ्यात महत्त्वाचं. या बिटाला मधे टोक नसतं म्हणून सपाट टेकवला की घसरतो आणि टाइलवर भलामोठा ओरखडा जातो. त्यावर उपाय असा की एका प्लायच्या तुकड्याला त्याच बिटाच्या मापाचं भोक पाडायचं आणि तो तुकडा दुहेरी टेपने टाइलवर चिकटवायचा, बिट त्यातच फिरतो, घसरायला जागाच नाही. चंद्रकोरीएवढा चर पडला की मग काही भीती नाही.

पाणी स्प्रेच्या बाटलीने मारत राहा, पण काका, वायरवालं मशीन आणि पाणी एकत्र नको, बॅटरीवालं कुणाकडून तरी घ्या. गिरगावातल्या जुन्या घरांत मागच्या भिंतीत काय आहे ते पण आधी बघा, जुना पाइप किंवा वायर गेलेली असू शकते. शेवटच्या एक-दोन मिमीला हात हलका करा. टाइल भिंतीला नीट चिकटलेली असेल तर मागे आधार आहे, पण बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर मागे हवा आहे, तिथे जोर दिला की टाइलच तडकेल.

बोरिवलीहून एका वाचकाचा प्रश्न: स्टीलच्या सिंकला नवीन नळासाठी ३५ चं भोक हवंय. होल सॉ "मेटलचा" म्हणून घेतला तरी दहा सेकंदांत दात काळे पडले. माल डुप्लिकेट आहे का?

असेलही, पण मला वाटतं स्पीड चुकला. हिशोब करून बघा. ८ चा ड्रिल एका फेऱ्यात २५ मिमी अंतर कापतो. ३५ च्या होल सॉचा परीघ ११० मिमी. मशीन जर मिनिटाला २८०० फेरे मारत असेल तर त्या दातांना मिनिटाला ३०० मीटरच्या वर पळावं लागतं आणि स्टेनलेसमध्ये असल्या दातांना झेपतं ते १०-१५ मीटर. म्हणजे फेरे हवेत शंभर-सव्वाशे. बॅटरीचं मशीन १ नंबर गिअरवर आणि ट्रिगर अगदी थोडा दाबलेला, फिरताना दात डोळ्यांना वेगवेगळे दिसले पाहिजेत.

दुसरं, स्टेनलेसचा स्वभाव असा की नुसतं घासत राहिलात तर तो तिथे कडक होतो. स्पीड कमी पण दाब पक्का, आणि कटिंग ऑइल, नसेल तर कुठलंही मशीनचं तेल, थेंब थेंब. आधी केंद्रावर पंच मारून खड्डा करा, मग ३-४ चा बारीक ड्रिल, मग होल सॉ. भुगा पावडरसारखा येत असेल तर थांबा, दात संपले. बारीक कुरळ्या सालींसारखा आला की काम बरोबर चाललंय.

पत्रा पातळ आहे, एक मिमीच्या आसपास, त्यामुळे सुटताना होल सॉ एकदम अडकतो आणि मनगटाला जबरदस्त झटका बसतो. सिंक ओट्याला बसलेलं असेल तर खालून लाकडाचा ठोकळा कुणाला तरी धरायला लावू नका, टेकू देऊन पक्का करा. हातमोजे फिरत्या ड्रिलजवळ घालायचे नाहीत, ते गुंडाळले जातात. भोक झाल्यावर मात्र कड कानशीने मारा आणि तेव्हा हाताची काळजी घ्या, मागच्या बाजूला कापताना उरलेली कड (बर) ब्लेडसारखी असते.

लालबागच्या एका चाळीतली मुलं: ताई, आमच्या चाळीच्या गणपतीचं मखर आम्हीच करतो. यंदा मूर्तीमागे तीन फुटी गोल खिडकी आणि तिच्यामागे लाइट अशी आयडिया आहे. थर्माकोल नाही वापरत. ६ एमएम प्लाय घेऊ की एमडीएफ, आणि एवढा मोठा गोल काढायचा कसा?

छान आयडिया आहे रे, झाल्यावर फोटो पाठवा. २०१८ ला थर्माकोल बंद झाला तेव्हा खूप जणांना वाटलं आता मखर होणार कसं, आणि आता बघा पोरं प्लाय कापायला लागली. प्लाय घ्या. भाद्रपदातली हवा दमट, मंडपात कुठून तरी पाणी येतंच, एमडीएफची कापलेली कड पाणी पिऊन फुगते आणि दोन दिवसांत गोल गोल राहत नाही. प्लायच्या कडेला पण प्रायमरचा एक हात मारा.

गोल सुतळीने काढू नका. सुतळी ताणली जाते, एका बाजूला जोर जास्त लागला की तिथे गोल फुगतो, आणि तीन फुटांवर ते लांबून दिसतं. लाकडाची सरळ पट्टी घ्या, एका टोकाला खिळा, दीड फुटावर पेन्सिल जाईल एवढं भोक. कापायला जिगसॉ चालेल, सहा मिमीला ब्लेड फारसं वाकत नाही. पण जिगसॉचं ब्लेड वर येताना कापतं म्हणून टवके वरच्या बाजूला उडतात, ड्रिलच्या बरोब्बर उलटं, त्यामुळे चांगली बाजू खाली ठेवून मागच्या बाजूवर गोल काढा आणि तिकडूनच कापा. आतली चकती फेकू नका, तिच्यावरच प्रभावळ होते. आणि गोल तुटत आला की एकाने चकती खालून धरायची, नाहीतर शेवटच्या दोन इंचांत ती स्वतःच्या वजनाने मोडून सुटते आणि कडेचा एक पदर सोबत घेऊन जाते.

परळहून: टेबलात वायरींसाठी ५० चं भोक आहे, आणलेली प्लास्टिकची टोपी ६० ची. मधे लाकूडच नाही तर होल सॉचा ड्रिल टेकवायचा कुठे?

प्लायच्या तुकड्याला ६० चं भोक पाडा, तो तुकडा टेबलावर बरोबर जागी धरून क्लॅम्प करा, होल सॉचा मधला ड्रिल काढून टाका आणि त्या भोकातून होल सॉ खाली न्या. खालून पण एक फळी आवळा. वरचा सनमायका असेल तर पहिले काही फेरे मशीन उलटं फिरवा, दात उलटे घासून चर पाडतात, टवका उडत नाही, चर पडला की सुलट.

विक्रोळीहून एका दादांचं पत्र: सातव्या मजल्यावर राहतो, स्प्लिट एसी लावायचाय. कंपनीचा माणूस म्हणाला भिंतीतलं भोक तुम्ही करून ठेवा. कोअर कटर (भिंतीत मोठं गोल भोक पाडायचं हत्यार) भाड्याने मिळतोय, मी स्वतः करू का?

दादा, करता येतं, पण यावेळचं हे एकच पत्र असं आहे की वाचल्यावर मी आधी सोसायटीला विचारा असंच म्हणणार. बीम आणि कॉलमला हात लावायचा नाही, तिथे सळया आहेत आणि ते फक्त तुमचं नाही, वरच्या-खालच्या सगळ्यांचं आहे. विटांची किंवा ब्लॉकची भिंत आहे हे पक्कं झालं की मग पुढचं. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली वायरची नळी असते असं धरूनच चाला.

भोक साधारण ६५ मिमीचं लागतं. आतून बाहेर जाताना थोडा उतार द्या, पूर्ण जाडीत पाच-दहा मिमी पुरे, म्हणजे एसीचं पाणी बाहेर जातं आणि जुलैत वाऱ्याबरोबर येणारा पाऊस आत येत नाही. भोकात पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवून मग त्यातून नळ्या न्या, मोकळी वीट पाणी पीत राहते आणि पुढच्या पावसाळ्यात आतल्या रंगाला पोपडे येतात.

आणि आता मागची बाजू. लाकडात मागची बाजू फुटली तर दार खराब होतं. इथे मागची बाजू म्हणजे सातव्या मजल्यावरून खाली रस्ता. कोअर बाहेर पडायला लागला की बाहेरचं प्लास्टर चकतीच्या मापाने नाही पडत, वीतभर रुंदीचा पोपडा सुटतो, सोबत विटेचा तुकडा. मी हे खालून बघितलंय, आमच्याच गल्लीत, नशिबाने तिथे फक्त सायकल होती, तिचं सीट फाटलं. म्हणून आधी लांब बारीक बिटाने आरपार एक भोक काढा, त्याने जागा पण कळते आणि बाहेर नक्की कुठे निघतंय ते पण. कोअर हॅमर बंद ठेवून चालवा. नऊ इंची भिंत असेल तर सात इंचांनंतर दाब काढून टाका, मशीनचं वजनच पुरेल, थांबत थांबत, दर थोड्या वेळाने आतला भुगा काढत. काही झालं तरी खिडकीतून बाहेर वाकून बघायचं नाही.

खाली दोरी बांधून जागा मोकळी करा आणि तिथे एक माणूस उभा करा, भिंतीला खेटून नाही, लांब. त्याच्याशी फोन चालू ठेवा. बाहेर प्लास्टरला तडा दिसला की तो सांगेल, तुम्हाला वरून दिसणार नाही. दुपारी लोक झोपतात तेव्हा नको आणि शाळा सुटायच्या वेळेला तर नकोच. आणि भोक पूर्ण झालं, मशीन बंद केलं, बाहेरच्या कडेला लटकलेले तुकडे पट्टीने आत ओढून घेतले, मगच खालच्या माणसाला सांगा, तोपर्यंत त्याने दोरी सोडायची नाही.